नाही-मॅडम

मॅडमचा पहिला शब्द नाही. चहा घेता का, नाही. आत येऊ का, नाही, आधी चप्पल काढ. वारज्याच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात आम्ही त्यांना मागून नाही-मॅडमच म्हणायचो. मी बारावी नापास, पदरात चार महिन्यांची पोर, नोकरी ट्रायलवर. त्यांचं नाही ऐकलं की मी दारातूनच मागे फिरायचे.

काम म्हणजे दवाखान्यांतल्या कॉम्प्युटरवर आमचा प्रोग्राम टाकायचा. तो पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला, म्हणून आधी तिथं पायथन लागतं. मॅडमनी त्यात एक ओळ घातलेली, की पायथन ३.१० किंवा त्यापुढचं असेल तरच चढायचं, नाहीतर तिथंच थांबायचं. "दारातच नाही म्हणावं," म्हणायच्या, "घरात घेऊन मग भांडू नये."

नारायण पेठेत एका डॉक्टरांकडे ३.८ निघालं, म्हणजे तीनमधलं आठवं, दहाव्याहून जुनं. प्रोग्राम चढेना. नवीन पायथन टाकायला तास तरी जाणार, पोर शेजारणीकडे, तिची दुधाची वेळ टळलेली, माझा जीव थाऱ्यावर नाही. कंपाउंडर खवचटपणे म्हणाले, "चालू द्या निवांत. पेशंट काय, बसतील उद्यापर्यंत." मी काय केलं, ती ओळच पुसली. झटकन चढलं. पळत सुटले घरी.

दुसऱ्या दिवशी तिथं पेशंटची यादी उघडायची, नावं दिसायची, आणि औषधाची चिठ्ठी छापायला गेलं की सगळं बंद. बाहेर माणसं खोळंबलेली. मला वाटलं, गेली नोकरी. रडतच मॅडमना सांगितलं, ओळ मी पुसली.

त्या ओरडल्या नाहीत. विचारलं, "पोरीला वरण-भात देतेस?"

"नाही मॅडम, सहा महिने झाल्याशिवाय कसं देणार. सासूबाई रोज फोनवर म्हणतात, पण मी नाहीच म्हणते."

"सासूला नाही म्हणतेस, आणि कंपाउंडरला घाबरतेस?"

मग रिक्षातून माझ्यासोबत आल्या, नवं पायथन टाकलं, ओळ मात्र परत मलाच लिहायला लावली. नोकरीचं विचारायची हिंमत झाली नाही. संध्याकाळी त्याच म्हणाल्या, उद्या वेळेवर ये.

मागच्या महिन्यात मॅडम नाशिकला लेकीकडे कायमच्या गेल्या. निघताना मी विचारलं, मला एकटीला जमेल का. "नाही," म्हणाल्या. "असंच वाटू दे. म्हणजे तपासून बघशील."

परवा त्याच डॉक्टरांकडे गेले, आतल्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरसाठी. परत ३.८. पोरगी आता वरण-भात खाते, पण पाळणाघरातनं दोनदा फोन आला, रडतेय म्हणून. कंपाउंडर घड्याळाकडे बघत म्हणाले, मागच्या वेळी तर झटकन झालं होतं.

मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, "नाही. तासभर लागेल."