उस्ताद, पण कनिष्ठ सहायक

अंगणातल्या शेवाळावरून घसरून माझा पाय मोडला आणि प्लास्टर घालून मी घरी पडले, तेव्हा लेकीने माझ्या मोबाइलमध्ये एक खेळ टाकून दिला. "आई, दिवसभर शेजारच्यांची चौकशी करण्यापेक्षा हे खेळ," म्हणाली. खेळात एक जुनं राज्य होतं, जंगल होतं, राक्षस होते. पण मला राक्षस मारायची हौस नव्हती. मी लोहाराची भट्टी निवडली. लोखंड तापवायचं, योग्य रंग आला की बाहेर काढायचं आणि बोटाने हातोडा मारायचा. आधी काढलं तर तलवार ठिसूळ, उशिरा काढलं तर वाकडी. बाकी काही नाही. मला ते फार आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कामाचा निकाल त्याच क्षणी, कुणाच्या सहीशिवाय लागत होता.

मी एका सरकारी कार्यालयात कनिष्ठ सहायक आहे. बरीच वर्षं आहे. माझ्यानंतर लागलेले वरिष्ठ झाले, काही तर निवृत्तही झाले. मी मात्र 'कनिष्ठ'च राहिले. खेळात तसं नव्हतं. पाय बरा होईपर्यंत मी उमेदवाराची कारागीर झाले आणि पुन्हा कामावर रुजू झाले तेव्हा उस्ताद होते.

ही पदं द्यायचा आमचा संघ. नाशिक जिल्ह्यातले खेळाडू त्यात जमले होते. संघप्रमुख पंचवटीतले पूजासाहित्याचे दुकानदार. माणूस भला, पण पदं वाटण्याचा त्यांना फार सोस. मुळात पदं चारच होती: उमेदवार, कारागीर, उस्ताद, महाउस्ताद. कुणी रुसला की संघप्रमुख नवं पद काढत. उपउस्ताद झाले, प्रभारी उस्ताद झाले. सटाण्याचे एक कांदा व्यापारी खेळ फारसा उघडतही नसत, ते मानद महाउस्ताद झाले. होता होता संघात सगळेच अधिकारी झाले आणि भट्टीसाठी कोळसा आणायला एकच उमेदवार उरला.

तो नवीन होता. खेळातल्या टोपणनावांवरून कोण बाई, कोण पुरुष, कुठला, काही कळत नसे. मी त्याची उस्ताद. तो रोज इमानाने सगळ्यांचा कोळसा आणायचा आणि मग एक तलवार करून मला दाखवायला पाठवायचा. मी पास केलं तर तो कारागीर होणार. पण त्याला दम निघत नसे. लोखंड लाल झालं न झालं की बाहेर. मी तलवार परत करायचे आणि हाताला लागलेल्या सवयीने खाली लिहायचे, "त्रुटींची पूर्तता करून पुन्हा सादर करावे."

तो लिहायचा, "होय उस्ताद. नेमकी त्रुटी कोणती, ते कृपया कळवावे."

मी लिहायचे, "आपल्या स्तरावर शोधावी."

खोटं कशाला सांगू, हे लिहिताना मला गुदगुल्या व्हायच्या. आमच्या कार्यालयातले अधीक्षक माझ्या प्रत्येक टिपणीवर हीच दोन वाक्यं लिहीत आले होते.

मग संघप्रमुखांनी स्नेहमेळावा ठरवला. गंगापूर रोडला एका हॉटेलच्या लॉनवर, रविवारी सकाळी मिसळ आणि उस्तादांचा सत्कार. खुर्च्या पदांप्रमाणे मांडल्या होत्या, त्यामुळे तासभर मिसळ राहिली बाजूला. प्रभारी उस्ताद मोठे की उपउस्ताद, यावर वाद पेटला. मानद महाउस्तादांना खुर्चीच मिळाली नाही. ते आपल्या अहिराणीत कडाडले, "मी आठे काय उभा राहाले उनू का?" संघप्रमुखांनी स्वतःची खुर्ची दिली आणि घोषणा केली, "आपल्या उस्तादांचा सत्कार आता आपल्या संघाच्या एकमेव उमेदवारांच्या हस्ते!"

मी पुढे गेले. एवढा वेळ आत मिसळीच्या व्यवस्थेला जुंपलेला उमेदवार शाल आणि नारळ घेऊन समोर आला: आमचे अधीक्षक.

दोघांचेही पाय जागीच थांबले. साहेबांनी रविवारचा फुलाफुलांचा शर्ट घातला होता. तो मी कधी पाहिला नव्हता, आणि मी पाहू नये असंच त्यांनाही वाटलं असावं.

"तुम्ही?" साहेब म्हणाले.

"साहेब, तुम्ही?" मी म्हणाले.

"अहो उमेदवार, शाल घाला की!" मागून कुणीतरी ओरडलं. साहेबांनी मला शाल घातली, उलटी. नारळ देताना हळूच म्हणाले, "ते 'पुन्हा सादर करावे' वाचलं तेव्हाच मला वाटलं होतं, माणूस आपल्याच खात्यातला आहे."

"हो साहेब."

"ऑफिसात बोलू नका."

"नाही साहेब."

मग नारळ न सोडताच विचारलं, "परवाची तलवार पाहिलीत का?"

"पाहिली साहेब. त्रुटी आहेत."

सोमवारी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'बसा' म्हणाले. चहा मागवला. माझा गोपनीय अहवाल त्यांनाच लिहायचा होता. "या वेळी जरा चांगला शेरा द्यावा म्हणतो," ते म्हणाले. मग कप माझ्याकडे सरकवला. "तुमच्याकडेही माझं एक प्रकरण प्रलंबित आहेच."

मला मोह झाला नाही असं नाही. घरी येऊन मी त्यांची तलवार पुन्हा उघडली. पास करायला एक बोट पुरलं असतं. पण ती तलवार इतकी कच्ची होती की तिने कुणी भाकरीसुद्धा तोडली नसती. कार्यालयात मी काय काय पुढे सरकवलं ते माझं मला माहीत. पण भट्टीवर ते करवेना. मी लिहिलं, "त्रुटी कायम." अहवालात मला शेरा मिळाला, "सर्वसाधारण." दरवर्षीसारखाच, त्यामुळे दुःखही सवयीचंच झालं.

साहेब चिडले. संघ सोडून त्यांनी आपला नवा संघ काढला आणि स्वतःला थेट महाउस्ताद नेमलं. खेळात संघ काढणारा स्वतःला हवं ते पद देऊ शकतो. आठवडाभरात सगळं कार्यालय त्या संघात दाखल झालं. जेवणाच्या सुट्टीत सगळे माना खाली घालून कोळसा खणत. साहेबांच्या तलवारी दोन घावांत मोडत आणि प्रत्येक मोडलेल्या तलवारीला सगळे मिळून लाल बदाम पाठवत. मलाही आमंत्रण आलं. जुना संघ न सोडता गेले. तिथे मी उमेदवार होते आणि महाउस्तादांना "छान साहेब" लिहीत होते. नोकरी आहे शेवटी.

पावसाळ्याआधी साहेबांची दूर डोंगरातल्या पेठला बदली झाली. निरोप समारंभात त्यांच्या नेतृत्वाबद्दल भाषणं झाली, एकाचा कंठही दाटला. ते कार्यमुक्त झाले त्याच दुपारी त्यांचा संघ ओस पडला. कंठ दाटलेला सगळ्यात आधी बाहेर पडला होता. त्या रिकाम्या संघात मी आणि ते, दोघंच उरलो. मला बाहेर पडायचं सुचलंच नव्हतं, इतकंच.

मग एके दिवशी आमच्या जुन्या संघात त्यांचा अर्ज आला. संघप्रमुख खूश होऊन त्यांना 'विभागीय उस्ताद' करायला निघाले होते. साहेबांनी कळवलं, "नको. उमेदवार म्हणूनच घ्या."

पेठला त्यांच्या खोलीवर रेंज नव्हती. संध्याकाळी ते टेकडीवर चढून जात आणि तिथे दगडावर बसून खेळत, असं त्यांनीच लिहिलं. तिथे कुणी सहीला उभं नाही, ऑफिसचा फोन नाही, घाई नाही. त्यांच्या तलवारी हळूहळू सुधारायला लागल्या. मीही आता नुसती त्रुटी न काढता कुठे चुकलं ते लिहू लागले. "लाल नाही साहेब, रंग मधासारखा पिवळा झाला की काढा." ते लिहायचे, "बघतो."

आणि एका संध्याकाळी आलेली तलवार मी तीन-तीनदा फिरवून पाहिली. कुठे खोड काढायला जागा नव्हती. मला इतका आनंद झाला की स्वतः उस्ताद झाले तेव्हाही झाला नव्हता. मी पास केली.

लगेच फोन वाजला. साहेबांनी मला कामाशिवाय केलेला पहिला फोन. मागे वारा घोंघावत होता.

"मॅडम, झालो ना कारागीर?"

"झालात साहेब."

"मग आता साहेब म्हणू नका हो."

"मग काय म्हणू?"

मग ते म्हणाले, "विचार करून कळवतो."