डॉल्फिनचा जबडा आणि यांचा डावा कान

आमच्या यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, हे त्यांना सोडून अख्ख्या पाटोद्याला माहीत आहे. मुलानं आणलेलं कानाचं मशीन यांच्या दुकानाच्या ड्रॉवरमध्ये पडून असतं. मागं बाजारात डावीकडून टेम्पोनं हॉर्न दिला आणि हे उजवीकडं बघत राहिले. मी दंड धरून ओढलं म्हणून वाचले. तेव्हाच ठरवलं, आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला जायचं आणि यांच्यासाठी सुबुद्धी मागायची. मशीन गुपचूप माझ्या पिशवीत टाकलं.

पाटोदा ते पुणे, पुढं दापोली, सगळा प्रवास एसटीनं. बायकांना अर्धं तिकीट. "तुमच्या निम्म्यात चाललेय मी," हे यांना दोनदा ऐकवलं, उजव्या कानात. घाटात वळणं फार, लिंबू जवळ ठेवा. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेली तर वाटेत हॉटेलात बसावं लागत नाही. दापोलीजवळच्या मुरूडला घरगुती खोली स्वस्तात मिळाली. शाकाहारी ताट मात्र आधी सांगून ठेवावं लागतं.

पहिल्या दिवशी दर्शन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉल्फिन बघायला गेलो. मी होडीवाल्याला विचारलं, "दिसला न्हाई तर निम्मे पैसे परत देता का?"

"काकू, डॉल्फिन काय माझ्याकडे कामाला नाही."

पण दिसला. सगळे डावीकडं बोट दाखवत ओरडले, हे उजवीकडं वाकले. होडीत एक शिक्षिका होत्या. त्या म्हणाल्या, डॉल्फिन खालच्या जबड्यानं ऐकतो. जबड्यातल्या चरबीतून आवाज आतल्या कानांपर्यंत जातो, म्हणून कोणत्या बाजूनं आला ते त्याला पाण्यातही कळतं. माणसाला कळत नाही. पाण्यात आवाज इतका वेगानं येतो की दोन्ही कानांना एकदमच आल्यासारखा वाटतो.

हे खूश. "म्हंजे पाण्यात समदेच माझ्यासारखे."

"मी न्हाई. विहिरीत पोहून मोठी झालेय मी."

पैज लागली. मी बाजू ओळखली तर यांनी मशीन लावायचं, हरले तर मी मशीनचं नाव पुन्हा काढायचं नाही.

दुपारी कमरेएवढ्या पाण्यात मी लुगड्याचा काचा मारून, डोळे मिटून बुडी घेतली. यांनी जागा बदलून पाण्यात दगडावर दगड वाजवला. मी ठामपणे हात केला. वर येऊन बघते तर हे किनाऱ्याकडं आणि माझा हात खोल समुद्राकडं. पुन्हा बुडी, पुन्हा चूक. आवाज डोक्यातच वाजत होता, त्याला बाजूच नव्हती. तिसऱ्यांदा वर आले तेव्हा हे हसायचे थांबले होते.

"खरंच कळंना?"

"न्हाई ओ. लई भ्या वाटलं."

"टेम्पोच्या वेळी मला तसंच झालतं," हे म्हणाले. आजवर एवढंही कबूल केलं नव्हतं.

पैज म्हणजे पैज. परतीच्या वाटेवर मी मशीनचं नाव काढलं नाही. पाटोद्याच्या स्टँडवर उतरून यांच्या डाव्या बाजूनं चालू लागले. रस्ता ओलांडायच्या आधी हे थांबले आणि हात पुढं केला.

"दे ते. पिशवीत हाय ना? जातानाच बघितलंय मी."

घरी येऊन हिशेब मांडला, गणपतीपुढं साखर ठेवली. खर्च पुरेपूर वसूल झाला, असं मी म्हणते. यांची मात्र मशीन लावल्यापासून एकच तक्रार आहे.

"आगं, तू एवढी का वरडतीस?"