यल्लव्वाची सांधणी

बेळगावच्या वडगावातल्या विणकरांच्या गल्लीत यल्लव्वाच्या सांधणीचं नाव होतं. मागावरचा उभ्या सुतांचा ताणा संपत आला की नव्या ताण्याचं एकेक सूत जुन्याच्या टोकाला पिळून जोडायचं, सूत निसटू नये म्हणून चिमटीत राख घेऊन. तिनं जोडलेलं सूत सुटत नसे. माग नवरा मल्लाप्पा चालवी, सांधणी तिची.

एकोणीसशे त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात सकाळी तिची बोटं मिटेनात. दुपारी आपोआप मोकळी होत. थोरली जाऊ बायाक्का म्हणाली, "कचेरीतल्या सायबागत वेळ पाळतंय की गं तुझं दुखणं!"

यल्लव्वाही हसली. मग गालांवर लाल चट्टे उठले, तोंड आलं, ताप येऊन-जाऊन राहू लागला.

खडेबाजारातल्या हाडांच्या डॉक्टरला तिनं फक्त बोटं दाखवली. कातडीच्या डॉक्टरला फक्त गाल. काकती गावच्या वैद्याला तोंड. गोळ्यांनी पोट जळू लागलं तेव्हा पोटासाठी आणखी एक. एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही, ही गल्लीचीच रीत. सूत एका घरी रंगे, ताणा दुसऱ्या घरी होई, खळ तिसऱ्या घरी लागे. रंगाऱ्यापुढं मागाचं गाऱ्हाणं कोण नेतं?

एकानं दिलेल्या गोळ्या दुसऱ्यानं बंद केल्या. हाडांचे डॉक्टर म्हणत, उन्हात बसा. कातडीचे म्हणत, ऊन टाळा. यल्लव्वा उंबऱ्यात हात उन्हात आणि तोंड सावलीत ठेवून बसे.

श्रावणाआधीच्या ताण्याला तिनं जोडलेली सुतं ओळीनं सुटली. दुसऱ्या दिवशी मल्लाप्पानं सांधणीला बायाक्काला बसवलं. यल्लव्वा चुलीपुढं बसून राहिली. हे काम गेलं तर या घरात आपण कोण, तिला कळेना.

मल्लाप्पानंच तिला शहरातल्या एका मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी बोटं पाहिली आणि विचारलं, "आणखी काय काय होतं? पहिल्यापासून सांगा."

यल्लव्वानं नवऱ्याकडं पाहिलं. "समदं हितंच सांगू व्हय?"

तिनं सांगितलं. बाईंनी झोप विचारली, काम विचारलं, वैद्याच्या पुडीत काय असतं तेही विचारलं. रक्त तपासून झाल्यावर म्हणाल्या, "हे वेगवेगळे आजार नसावेत, एकच असावा. अंगाची राखण करणारी शक्तीच उलटलीय. आपल्याच अंगाला परकं समजतेय. मी त्या सगळ्या डॉक्टरांशी बोलते."

"म्हंजे माझं अंग मलाच वळखंना?"

"तसंच काहीसं."

"आन बरं हुतंय का न्हाय?"

"आटोक्यात ठेवू. त्यापुढचं आज सांगता येत नाही."

घरी येताना मल्लाप्पानं विचारलं, "काय कळलं गं तुला?"

"न्हाय."

"मलाबी न्हाय."

नव्या गोळ्या आल्या. वैद्याची पुडी थांबली, बोटांना चोळायचं घरचं तेल तेवढं चालू राहिलं. सांधणी दुपारीच करा, असं बाईंनी बजावलं होतं. काही दिवस बोटं वळत, काही दिवस नाही. वळली ती गोळीनं, तेलानं की नुसत्या दुपारच्या वेळेनं, कुणालाच सांगता येईना.

पुढच्या ताण्याला सकाळी बायाक्का बसली, दुपारी यल्लव्वा. संध्याकाळी मल्लाप्पानं ताणा हळूच पुढं ओढला. मधोमध एक सूत सुटलं. तिघं वाकून बघत राहिली. बायाक्काचा हात कुठं थांबला आणि यल्लव्वाचा कुठं लागला, ते ओळखू येईना.

"माझंच आसंल गं," बायाक्का म्हणाली.

"आसंल," म्हणत यल्लव्वानं राखेची वाटी पुढं ओढली.