तलवारबाजांचा अर्धा अनुवाद

आमचे हे नागपुरातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. कॉलेजात असताना एका म्हाताऱ्या फ्रेंच फादरकडून ते फ्रेंच शिकले होते. मायदेशी परतताना फादरनं त्यांना एक जाडजूड कादंबरी दिली. जुना फ्रेंच दरबार, राणीविरुद्धचा कट आणि तिच्यासाठी तलवारी उपसणारे शिपाई. ती मराठीत आणायचा ह्यांनी ध्यास घेतला. सत्तर सालानंतरच्या आमच्या रविवारच्या दुपारी त्या दरबारातच गेल्या.

अडायचं ते शब्दांपाशी. तिकडची तलवार बारीक, टोकानं मारायची. आपले शब्द सगळे कापाकापीचे. ‘भोसकलं’ लिहिलं तर गल्लीतली मारामारी वाटायची. मग माझ्या हातात लाटणं देऊन हे स्वतः उलथणं घेऊन उभे राहायचे.

“तू अडव वं, मी टोक मारून राहिलो.”

माझ्या पदराला तेलाचा डाग पडायचा आणि ह्यांना शब्द सापडायचा. राणीचं पुढे काय होतं, ते मात्र सांगायचे नाहीत. “छापून आलं का मंग वाच.”

निम्मा अनुवाद झाल्यावर ते सीताबर्डीतल्या एका प्रकाशकाकडे गेले. त्यानं दोन पानं चाळली. “गुरुजी, कोण वाचते आता हे? डिटेक्टिव्ह काही असंन तर आणा.”

हे घरी आले ते बाहेरच्या कपड्यांतच खाटेवर पडून राहिले. नंतरही रविवारी लिहायला बसायचे, पण पान तेच असायचं.

पुढच्या उन्हाळ्यात ते वर्गात फळ्यापाशी कोसळले. अर्धांगवायू. उजवा हात गेला. वाचणं गेलं, इंग्रजी गेलं, फ्रेंच तर पार पुसलं गेलं. बोलणं हळूहळू परतलं, तेही तुटक. मला वाटलं, स्वतःचं लिखाण ऐकून काही जागं होईल. म्हणून मी रोज दुपारी अनुवाद वाचून दाखवू लागले. ते लहान मुलासारखे ऐकायचे, द्वंद्व आलं की डावी मूठ आवळायचे.

एकदा म्हणाले, “मस्त लिहिलं हे. कोणं लिहिलं?”

“तुम्हीच लिहिलंत.”

 ते चिडले. “मले नाही येत असं. काहून खोटं बोलून राहिली?”

मी पुन्हा कधी सांगितलं नाही.

लिहिलेली पानं संपली. राणी अजून संकटातच होती. “मंग? राणीचं काय झालं?” ते रोज विचारायचे. शेवटी मी मनानंच रचलं: शिपाई वेळेवर पोचले, राणी सुटली. ह्यांनी मान हलवली. “असं नाही हाय ते.”

“मग कसं आहे?” मी जवळ सरकले.

त्यांचे ओठ हलले. खूप वेळ शोधत होते. डोळ्यांतून पाणी आलं, शब्द आला नाही. त्यानंतर त्यांनी राणीबद्दल विचारणं सोडलं. नंतर काहीच विचारायचे नाहीत.

त्या हिवाळ्यात ते गेले. फ्रेंच येणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाला शोधून मला शेवट विचारता आला असता. पण आता तो कळून सांगणार कोणाला?