तीन पायांचा कोतवाल

थळच्या किनाऱ्यावर, कोळीवाडा संपून नारळीच्या वाड्या सुरू होतात तिथे, भैरीचे देऊळ आहे. या देवळाचे गुरव दादू हे पन्नाशी उलटलेले, सडपातळ, ताठ कण्याचे गृहस्थ होते, आणि अखंडतेचे निस्सीम उपासक होते. देवावर त्यांची श्रद्धा होतीच. परंतु देवापुढे येणारी प्रत्येक वस्तू धड असली पाहिजे, यावर ती काकणभर अधिक होती. किडीने कुरतडलेले बेलाचे पान दाराबाहेर जाई. नारळाला बारीक चीर दिसली तर आणणाऱ्याला तो परत न्यावा लागे. रोज सकाळी सूप मांडीवर घेऊन ते अक्षतांचे तांदूळ निवडत बसत आणि तुटका दाणा नखाने बाजूला सारीत. त्या वेळी त्यांच्या मुद्रेवर न्यायासनावर बसलेल्या पुरुषाची निर्विकार करुणा असे.

बाजूला पडलेल्या कण्या शिजवून कोतवालाला घालीत. तुटका दाणा देवाला चालत नाही, पण देवाच्या कुत्र्याला चालतो, ही व्यवस्था दादूंनी स्वतःच लावली होती. आणि तीत काही विसंगती आहे असे ना त्यांना कधी वाटले, ना कोतवालाला.

भैरीचे वाहन श्वान, म्हणून थळात फार पूर्वीपासून एक जिवंत कुत्रा देवळाच्या नावाने पाळला जाई. नारळी पौर्णिमेला नैवेद्याचा पहिला घास समुद्रकाठी त्याच्यापुढे ठेवीत. त्याने तो खाल्ला म्हणजे देवाचा होकार मिळाला, आणि मगच पावसाळाभर वर ओढून ठेवलेल्या होड्या पाण्यात लोटीत. सबंध कोळीवाड्याच्या चुली अशा रीतीने त्या एका जिभेवर अवलंबून होत्या. तथापि एवढ्या योग्यतेच्या प्राण्याला दादूंनी कधी हात लावला नव्हता. ते उंचावरून त्याच्या पुढ्यातल्या करवंटीत कण्या ओतीत आणि सोवळे सावरून मागे सरत. कोतवालही शिष्टाचार जाणणारा होता. दादू दूर गेल्याशिवाय तो करवंटीला तोंड लावीत नसे.

देवळाच्या पायरीशी एक दगडी कुत्राही होता. काही वर्षांपूर्वी कोणा भक्ताचा नवसाचा नारळ फोडताना नेम चुकला आणि त्या दगडी कुत्र्याचा पुढचा पाय उडाला. गावाचे म्हणणे होते की राहू द्यावा, इतकी वर्षे बसला आहे. दादूंनी निक्षून सांगितले, "भैरीपुढे जे उभं राहील ते अखंडच पाहिजे." खंडित श्वान काळूराम कोळ्याच्या होडीतून खोल समुद्रात विसर्जनासाठी रवाना झाला आणि पाथरवटाकडून चारही पायांचा नवा आणला गेला. त्या वाक्याचा दादूंना अभिमान होता. सणावारी ते त्याचा पुनरुच्चार करीत. आपले बोलणे लोक ध्यानात ठेवीत नाहीत, ही सर्व उपदेशकांची तक्रार असते. दादूंवर ती करण्याची वेळ येणार नव्हती.

सन चौतीसच्या ज्येष्ठात काळूरामची होडी किनाऱ्यावर ओढीत होते. होडी ओंडक्यांवरून चढत होती, माणसे तालात ओरडत होती, आणि सावली शोधत आलेला कोतवाल नेमका तिच्या कुशीत झोपला होता. एक ओंडका निसटला, होडी कलली, आणि कुत्र्याचा मागचा डावा पाय तिच्याखाली सापडला.

दादू आले तेव्हा लोक वर्तुळ करून उभे होते. काळूरामची आई भागुबाई, जिच्या जिभेला बाजारातल्या मासळीवाल्याही वचकून असत, म्हणाली, "गुरवबाबा, देवाचा कुत्रा हाय. तुमीच बघा काय ते."

दादूंनी पाहिले. कुत्रा विव्हळत नव्हता. रोज सकाळी सुपाकडे पाहावे तसा तो त्यांच्याकडे पाहत होता. अंगावरचे उपरणे काढून दादूंनी ते त्याच्याभोवती गुंडाळले आणि त्याला उचलून घरी आणले. दारात कृष्णाबाई उभ्या होत्या. पतीच्या हातात कुत्रा पाहून त्या म्हणाल्या, "अहो, आंघोळीला पाणी काढू, की त्याला ठेवायला जागा करू?"

"दोन्ही," दादू म्हणाले.

गावच्या हाडवैद्याने पाल्याचा लेप लावून बांबूच्या कामट्या बांधल्या. चार-पाच दिवसांत पाय काळा पडला आणि घरात वास सुटला. कोळीवाड्याचे पाटील कोंडाजी समाचाराला आले, नाकाला पंचा लावून म्हणाले, "देवाचं जनावर हाय. देव बघंल."

"देव बघतोच आहे," दादू म्हणाले. "पाय कापायला त्याला उतरता येत नाही."

काळूरामने गाडी जोडली. ज्याच्या होडीने पाय मोडला त्याचेच बैल, हे कोणी बोलून दाखवले नाही. अलिबागेस गुरांचा दवाखाना होता आणि तिथले डॉक्टर घाटावरचे, बैलांची शिंगे आणि साहेबाच्या घोड्याचे खूर यांत आयुष्य घालवलेले होते. पाय पाहून ते म्हणाले, "मांडीपासून काढावा लागेल. नाहीतर विष अंगात चढेल. डोकं कोण धरणार?"

दादूंनी डोके धरले. डॉक्टरांनी कापसावर क्लोरोफॉर्मचे थेंब सोडून कापूस कुत्र्याच्या नाकाशी धरला. अशा प्रसंगी प्राण्याच्या कानात देवाचे नाव सांगावे, या समजुतीने दादू वाकून भैरीचा जप करू लागले. जप जवळून केल्यामुळे भूलही जवळून मिळाली. कोतवाल झोपला तेव्हा दादूही डोलत होते.

"बाहेर बसा," डॉक्टर म्हणाले. "मी एका वेळी एकाचाच पाय काढतो."

परतताना दादूंनी कापलेला पाय मागून घेतला. तो फडक्यात बांधून त्यांनी देवळामागे पुरला आणि मग ते विचारात पडले. सबंध प्राणी गेला असता तर काय करायचे हे त्यांना ठाऊक होते. परंतु प्राणी जिवंत आणि पाय तेवढा दिवंगत, अशा स्थितीत विधी कोणता, याबद्दल त्यांच्या पोथ्यांनी मौन धरले होते. शेवटी त्यांनी एक फूल वाहिले आणि इकडेतिकडे पाहून ते घरात गेले.

पुढचे दिवस पावसाचे होते आणि कष्टाचे. जखम सकाळ-संध्याकाळ धुवायची, औषध लावायचे, पट्टी बदलायची. टाके चाटू नयेत म्हणून कृष्णाबाईंनी जुन्या सुपाला मधोमध भोक पाडून ते कुत्र्याच्या गळ्यात अडकवले; ज्या सुपातून त्याच्या कण्या निघत तेच आता त्याचे भूषण झाले. दर स्पर्शानंतर स्नान, असा दादूंचा नेम होता. पण धोतरे वाळेनात. मग स्नानाऐवजी हातपाय धुणे आले; पुढे नुसते हात; पुढे पाणी शिंपडणे. आषाढाच्या अखेरीस ते केवळ मनात पाण्याचे स्मरण करीत, आणि तेही कधी राहून जाई.

कोतवाल उठायला धजत नव्हता. उभा राहू गेला की नसलेल्या पायावर भार टाकी आणि डाव्या कुशीवर कोसळे. मग दोषी मुद्रेने भिंतीकडे तोंड करून पडून राही, अन्नही घेत नसे. दादूंनी कण्यांची पेज बोटांनी त्याच्या तोंडाशी नेली तेव्हा त्याने चाटली. तेव्हापासून तो त्यांच्या हातूनच खाऊ लागला. पोटाखाली उपरण्याची झोळी धरून दादू त्याला ओसरीवर चालवीत.

"मुलाला पावलं शिकवली नाहीत कधी," कृष्णाबाई चुलीपाशी बसून म्हणाल्या. "तेव्हा म्हणायचात, माझं सोवळं मोडतं."

"त्याला चार पाय नव्हते," दादू म्हणाले. उत्तर लागू पडते की नाही हे त्यांनी तपासले नाही.

हळूहळू झोळी सैल झाली आणि एके दिवशी नुसती हातात राहिली. श्रावणातल्या एका उघडिपीला कोतवाल उड्या घेत काळूरामच्या खोपीपर्यंत गेला आणि तिथे जाळी-दोरांच्या ढिगाशी धापा टाकत बसला. मागोमाग आलेल्या दादूंची दृष्टी त्या ढिगाकडे गेली. दोराला बांधलेला, शेवाळ आणि कालवांनी मढलेला एक दगड तिथे पडला होता. त्याला कान होते. शेपूट होती. पुढचा एक पाय नव्हता.

काळूराम जाळे शिवत होता. त्याचा हात थांबला.

"काळूराम, हा मी विसर्जनाला दिला होता," दादू म्हणाले.

"केलाय की. रोज करतो."

"विसर्जन एकदा करायचं असतं."

"तुमी एकदाच कर असं सांगितलं नव्हतं, गुरवबाबा." मग तो खाली पाहून म्हणाला, "जाळ्याच्या नांगराला दगड पायजे होता. हा जड हाय, आन मोडक्या पायाच्या खाचेत दोर असा बसतो, की वादळातबी सुटत न्हाय. तीन सालं जाळं हललं न्हाय माझं."

एरवी दादूंनी आकाशपाताळ एक केले असते. त्या दिवशी ते दगडाजवळ बसले, दोर कसा बसतो ते त्यांनी बोट घालून पाहिले आणि कोतवालाला घेऊन घरी आले. कोणापाशी ते बोलले नाहीत. बोलले असते तर काळूराम गावात तोंड दाखवू शकला नसता.

पौर्णिमा तोंडावर आली तेव्हा कोंडाजींनी देवळाच्या अंगणात बैठक बोलावली. त्यांचे म्हणणे सरळ होते. किहीमला एक काळा, धट्टाकट्टा कुत्रा पाहून ठेवला आहे. तो देवळाला आणावा, आणि कोतवालाला होडीतून धरमतरच्या खाडीपलीकडे सोडावे. परक्या गावची कुत्री तीन पायांच्या पाहुण्याचे स्वागत कसे करतील हे दादूंना ठाऊक होते.

"त्याचा अपराध काय?" दादूंनी विचारले.

"अपराध न्हाय. पण तुमीच सांगितलंय, भैरीपुढं जे उभं राहील ते अखंड पायजे. आमी ध्यानात ठेवलंय."

दादूंनी घसा साफ केला. ही वेळ येणार हे जाणून त्यांनी तयारी केली होती. त्यांनी सांगितले की पुराणांत धर्माला चार पाय सांगितले आहेत. कृतयुगात तो चारांवर उभा होता, त्रेतायुगात तिहींवर. आणि त्रेतायुगात कोणी त्याला व्यंग म्हणून हाकलले नाही, उलट यज्ञ केले.

कोंडाजींनी आदराने ऐकून घेतले. "गुरवबाबा, त्या युगात थळ होतं का?"

"ते मला सांगता येणार नाही."

"मंग आपल्या युगाचं बोला."

"आपल्या युगात तर धर्म एकाच पायावर हाय म्हणतात," भागुबाई म्हणाली. "आजून दोन काढायचं का त्याचं?"

अंगण हसले. दादू हसले नाहीत. आपल्याच शब्दांनी बांधलेल्या भिंतीला दार ठेवायचे आपण विसरलो, हे त्यांना कळून चुकले. त्यांचा हात मांडीशी बसलेल्या कोतवालाच्या मानेवर गेला आणि तिथेच राहिला. काळूरामकडे त्यांनी एकदाही पाहिले नाही.

काळूराम मात्र त्यांच्याकडे पाहत होता. तो उठून गेला आणि थोड्या वेळाने खांद्यावर दगड घेऊन आला. दगड त्याने कोंडाजींपुढे टाकला.

"मंग याचंबी काय करायचं सांगा," तो म्हणाला. "बुडवायला दिला होता. मी जाळ्याला बांधला. तीन सालं हाच माझं जाळं धरतोय."

काळूरामच्या जाळ्यात तीन वर्षे बोंबील कसे लोटत होते हे साऱ्यांना ठाऊक होते. कोणत्या देवाला नवस केलास म्हणून कोंडाजींनी त्याला खोदून खोदून विचारलेही होते. ते वाकले, त्यांनी दगडावरचे शेवाळ अंगठ्याने पुसले, आणि अंगठा कपाळाला लावला.

"मी म्हणतच होते," भागुबाई म्हणाली, "लंगड्याला घालवू नये."

गुरवाच्या पुराणांनी जे साधले नाही ते बोंबलांनी साधले. कोतवाल राहावा, खंडित श्वान पुन्हा पायरीवर बसवावा, आणि काळूरामची गैरसोय होऊ नये म्हणून नवा धड दगडी कुत्रा त्याला नांगराला द्यावा, असे ठरले. अट एकच: पौर्णिमेला कोतवालाने घास खाल्ला पाहिजे. न खाल्ला तर किहीमचा कुत्रा तयारच होता.

पौर्णिमेला सारा कोळीवाडा नटून किनाऱ्यावर आला. वाजंत्र्यांच्या पुढे कोतवाल तीन पायांवर उड्या घेत चालला होता, गळ्यात सुपाऐवजी झेंडूची माळ होती. दादूंनी सोवळे नेसून नारळीभाताचा घास केळीच्या पानावर वाळूत ठेवला आणि प्रथेप्रमाणे ते दूर सरले.

कोतवालाने पान हुंगले. दादूंकडे पाहिले. आणि तो बसून राहिला.

वाजंत्री थांबली. लोकांत कुजबूज सुरू झाली. कोंडाजींची मान नकारार्थी हलू लागली. कृष्णाबाई बायकांच्या घोळक्यातून हलक्या आवाजात म्हणाल्या, "अहो, तो हाताची वाट बघतोय."

कुत्र्याला ही सवय कोणी लावली याविषयी दादूंना संशय नव्हता. धुतलेले सोवळे, जमलेले गाव, सजवलेल्या होड्या, सारे त्यांनी एकदा पाहिले. मग ते वाळूत मांडी घालून बसले, पानावरचा घास त्यांनी बोटांनी उचलला आणि कोतवालाच्या तोंडाशी नेला. कुत्र्याने तो खाल्ला, बोटे चाटली, आणि मग सोवळ्यावर डोके घासले. होड्या पाण्यात गेल्या. देवाचा होकार असा हातून भरवता येतो का, हा प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला नाही. सगळ्यांना घाई होती.

दोन दिवसांनी काळूराम देवळात आला. दादू ओसरीवर तांदूळ निवडत होते आणि कोतवाल सुपाच्या काठावर हनुवटी ठेवून बसला होता.

"गुरवबाबा, तो नवा दगड चालत न्हाय," काळूराम म्हणाला. "चारी पाय धड हायत. दोर बसायला जागाच न्हाय, सारखा सुटतो." तो थोडा घुटमळला. "त्याचा एक पाय काढू का?"

दादूंनी एक तुटका दाणा कोतवालासमोर टाकला. सुपातून डोके वर न काढता ते म्हणाले, "काढ. पण आधी भूल दे."