शेखलाल झोपमास्तर

शिरूरच्या पेठेत शेखलाल दिवसा लोकांच्या गाद्या भरायचे आणि संध्याकाळी माणसं झोपवायचे. ‘गादी बी ह्येंचीच आन् झोप बी ह्येंचीच’ अशी पेठेत त्यांची चेष्टा चालायची. शेखलालना तिचा राग यायचा नाही, ते मिशीतल्या मिशीत हसायचे. कापसाचा धंदा बापजाद्यांचा होता, संमोहनाचा नाद मात्र त्यांचा स्वतःचा. तरुणपणी ते दौंडला मामाकडे राहत असताना तिथं एका फिरत्या जादूगाराचा मुक्काम पडला. शेखलाल त्याची गादी उसवून भरून द्यायला गेले ते त्याची विद्याच घेऊन आले. पुढं कितीतरी वर्षं शाळेचं गॅदरिंग असो, गणपती असो नाहीतर उरूस, ‘शेखलाल मास्तरांचे संमोहनाचे प्रयोग’ अशी पाटी लागली की गावातली माणसं भाकरी लवकर उरकून पटांगणात येऊन बसत.

ते दिवस आठवले की शेखलालना आजही भरून येतं. लालबीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, शिवलेला लाल कोट, मधूनच शीळ घालणारा माईक, पुढच्या रांगेत तोंडाचा आ वासून बसलेली पोरं. मग लोकांच्या हातात मोबाइल आले. डोळे मिटा म्हटलं की जो तो शूटिंगसाठी डोळे आणखी मोठे करायचा. असल्या पब्लिकला झोपवायचं तरी कसं? मास्तरांनी कोट पेटीत घातला आणि मुकाट्यानं गाद्या भरत राहिले.

त्या प्रयोगांतला हुकमाचा एक्का होता ईश्वर. निमोण्याच्या शाळेत मास्तरांनी ‘कुणी येतंय का?’ म्हणून विचारलं, तेव्हा मिसरूड फुटलेला हा गडी मागच्या रांगेतून उठून आला होता. मास्तरांनी कपाळावर हात ठेवला आणि तीनदा ‘झोप’ म्हटलं. ईश्वर उभ्याउभ्या झोपला. मग मास्तर त्याला गावोगाव न्यायला लागले. बर्फाचा प्रयोग तर केवळ त्याच्या जिवावर चालायचा. दौंडहून गोणपाटात गुंडाळून आणलेला बर्फ बादलीत फोडून टाकायचा, ईश्वरचा हात कोपरापर्यंत त्यात बुडवायचा आणि विचारायचं, ‘पाणी कसं हाय?’ ईश्वर शांतपणे सांगायचा, ‘कोमट हाय.’ तेव्हा बायाबापड्या तोंडाला पदर लावायच्या. ती वाहवा हीच शेखलालची आयुष्यभराची कमाई. गाद्या काय, कुणीही भरतं.

या कमाईला धक्का लावला तो त्यांच्याच नातीनं. राबिया ही त्यांच्या लेकीची मुलगी, पुण्याच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकते. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ती आजोळी आली तेव्हा तिच्या प्रोजेक्टचा विषय होता संमोहन. शेखलालची छाती फुगली.

“मग सांग की, काय म्हनत्यात तुझी पुस्तकं?”

“नाना, दोन पार्ट्या आहेत. तुम्ही मशीनवर कापूस पिंजता आणि गिऱ्हाइकाशी गप्पाही मारता ना? हात त्यांचं काम करतात, बोलणं वेगळंच चाललेलं असतं. पहिली पार्टी म्हणते, संमोहनात मन असंच दुभागतं. एक भाग हुकूम ऐकतो आणि दुसरा गुपचूप बाजूला बसून सगळं बघतो. माणूस म्हणतो बर्फ गार लागत नाही, पण त्या बघणाऱ्याला विचारायची सोय केली तर तो सांगतो, लागतंय की.”

“आन् दुसरी पार्टी?”

“त्यांचं म्हणणं, झोपबीप काही नसते. संमोहित माणसानं कसं वागायचं असतं, हे समोरच्याला आधीच ठाऊक असतं. त्याची तयारी असते, मास्तरवर विश्वास असतो, म्हणून तो ते मनापासून वठवतो. खोटं बोलत नाही हं तो, पण ती एक भूमिका असते.”

त्यातला ‘भूमिका’ हा एवढाच शब्द शेखलालच्या कानात शिरला. भूमिका म्हणजे नाटक. म्हणजे इतकी वर्षं ईश्वर नाटक करत होता? आपलं मन राखायचं म्हणून बर्फात हात घालून बसत होता? त्या दिवशी जेवण त्यांना गोड लागलं नाही. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाइकाच्या उशीत त्यांनी गादीचा कापूस कोंबला. लालबीनं विचारलं तर तिच्यावरच खेकसले. शेवटी राबियालाच वाईट वाटलं. तिनं स्कूटी काढली आणि म्हणाली, “चला नाना, त्यांनाच विचारू.”

निमोण्यात ईश्वर झेंडूच्या वावरात होता. तोडणी आटोपली होती आणि बांधावर क्रेट रचून ठेवले होते. आता त्याचेही केस पांढरे झाले होते. मास्तरांना पाहिल्यावर तो वाकून पाया पडला, लिंबाखाली बाज टाकली, घरातून चहा मागवला. शेखलालना सरळ विचारायचा धीर होईना. ते बर्फावर बोलले, लाल कोटावर बोलले, शेवटी खुटबावच्या जत्रेवर आले.

“आठवतं का रं तुला, रतनबाईनं कसा घोटाळा केला हुता?”

ईश्वर हसायला लागला. राबियाला काही कळेना, म्हणून मास्तरांनीच सांगितलं. मास्तर झोपेतून सावध करताना ‘जागा हो’ म्हणायचे. तो शब्द कानावर पडेपर्यंत ईश्वरनं उठायचं नाही, हा नेम. खुटबावला ईश्वरचा हात बर्फात असताना रतनबाई नावाची एक धिप्पाड बाई पोरंबाळं घेऊन उशिरा आली आणि सतरंजीवर बसलेल्यांना ओरडली, ‘ए, जागा करा, जागा.’ तिला बसायला जागा हवी होती. पण इकडं ईश्वरनं खाडकन डोळे उघडले, हात बाहेर ओढला आणि ‘मेलो’ म्हणून बोंब ठोकली. अख्खी जत्रा हसून लोळली होती.

“मग झालं की नाना,” राबिया म्हणाली. “नाटक करणारा माणूस अशा शब्दाला फसेल का? त्याला कळलं असतं, बाई बसायला जागा मागतेय.”

शेखलालचा चेहरा उजळला. ते ईश्वरकडं पाहायला लागले. ईश्वरनं कपातला चहा संपवला.

“मला कळलं हुतं, मास्तर,” तो म्हणाला.

“काय कळलं हुतं?”

“बाई बसाया जागा मागतीय, ते. त्या दिवशी बर्फ लई हुता. हाताला कोमटच लागत हुतं, द्येवाशपथ. पन आत दुसरा कुनीतरी म्हनत हुता, लेका, हात कामातनं चाललाय तुझा. तुम्ही म्हनल्याबिगार उठायचं तरी कसं? तेवढ्यात बाई जागा म्हनली. त्या दुसऱ्यानं तेवढंच निमित्त धरलं.”

शेखलालनी हातातला कप खाली ठेवला.

“म्हंजी तू जागाच हुतास. समदं नाटकच की मग.”

“न्हाई मास्तर. नाटक मी करून बघितलंय. शिरूरला तो बाहेरगावचा संमोहनवाला आला हुता, लायटिंगबियटिंगवाला, त्यानं मला स्टेजवर बोलावलं. मला झोप लागंना. त्याचा मान राहावा म्हनून डोळं मिटून उभा ऱ्हायलो, तर त्यानं वळखलं आन् खाली धाडलं मला.” ईश्वरनं रिकामा कप बाजेखाली सारला. “आमची आई मी लहान असतानाच गेली. चुलत्याच्या घरात वाढलो. रातच्याला पिकाला पानी धरायचं, पहाटं धारा काढायच्या. त्या घरात मला दिवसभर एकच शब्द ऐकाया मिळायचा, ऊठ. चुलता ऊठ म्हनायचा, चुलती ऊठ म्हनायची. निमोण्याच्या शाळेत तुम्ही कपाळावर हात ठिवला आन् झोप म्हनलात. मला झोप म्हननारं तवर कुनी न्हवतं. तो आतला जागा असायचा, व्हय. पन त्याला बी वाटायचं, झोपू दे ह्येला जरा.”

आपल्या बोटांत काहीतरी शक्ती आहे, असं शेखलाल आयुष्यभर धरून चालले होते. ती शक्ती कधीच नव्हती, हे त्यांना त्या बाजेवर बसल्या बसल्या कळून चुकलं, आणि आश्चर्य म्हणजे त्याचं दुःख झालं नाही. दुःख झालं ते त्या पोराला दर वेळी बर्फात हात घालायला लावला याचं.

“आता झोप लागती का नीट?” त्यांनी विचारलं.

“कुठली. शुगर हाय. पोरगा रांजणगावला कंपनीत, त्याची नाईट असली की मी बी जागाच.” ईश्वर जरा लाजला आणि मग म्हणाला, “मास्तर, आलाच हाय तर एकदा म्हना की.”

तो बाजेवर आडवा झाला. शेखलालनी त्याच्या कपाळावर हात ठेवला.

“झोप, ईश्वर,” ते म्हणाले. “झोप. कुनी उठवनार न्हाई.”

हळूहळू ईश्वरचा श्वास संथ झाला. राबिया पुढं सरकली आणि नानांच्या कानाशी लागून म्हणाली, “नाना, खरंच झोपलेत का हे?”

“हळू बोल,” शेखलाल म्हणाले, “त्याची झोप मोडंल.”