लाल पायडलवाली गाडी

शेजारी आज फाटकाला ऑइलपेंट लावत होते, आणि त्या वासानं मला लेकीची लाल पायडलवाली गाडी आठवली. लेक तेव्हा चार वर्षांची होती, डावा पाय जन्मापासून अधू. नवरा उकव्याच्या मँगनीज खाणीत कामाला, सुटीलाच यायचा. घरी आम्ही दोघीच. बालाघाटच्या बाजारात दुकानदार म्हणाला, "दीदी, बॅटरीवाली ले लो, पैर चलाना ही नहीं पड़ेगा." मी म्हटलं, "तिले पायच चालवाचे आहेत, भाऊ." घरी आणली तर तिचा डावा पाय पायडलवरून सारखा घसरायचा. मग मी तिच्याच जुन्या सँडल दोन्ही पायडलांवर स्क्रूनं घट्ट बसवल्या आणि त्यांत तिचे पाय अडकवून पट्टे लावले. उजव्या पायानं रेटलं की डावाही सोबत हलायला लागला. गाडी कुरकुरत निघाली. मी मागं धावले, तशी ती ओरडली, "आई, तू नोको येऊ! मी एकटीच जाऊन राह्यली!" मी पायरीपाशीच थांबले. ती पार रस्त्यापर्यंत गेली, आणि मी रिकाम्या अंगणात टाळ्या वाजवत राहिले. पाहायला दुसरं कोणीच नव्हतं. आता ती नागपूरला कॉलेजात आहे. मघाशी फोन करून तिला विचारलं, तर म्हणाली, "कोणती गाडी, आई? मले नाही आठवत." मी म्हटलं, "काही नाही वं. जेवली का तू?"